वेबसाइटची शाकारणी

पूर्वी मृग लागायच्या आधी आमच्या घरी शाकारणीचा एक दिवस ठरलेला असे. दोन गडी शिडी लावून छपरावर चढत, फुटलेली कौले काढून चांगली बसवत, सरकलेली सारखी करत. आम्हा पोरांचे काम घरात उभे राहायचे आणि छपरातून कुठे कवडसा दिसतो ते खालून ओरडून सांगायचे. कवडसा दिसला, की तिथून पाणी येणार हे नक्की. एखाद्या वर्षी शाकारणी राहून गेली, तर पहिल्या मोठ्या पावसात घरातली सगळी पातेली जमिनीवर मांडावी लागत. वडील म्हणायचे, "गळायला लागल्यावर छपरावर चढता येत नाही."

आता विश्रामबागेत कौलारू घर शोधावे लागते. सांगली-मिरज रस्त्याच्या दोन्ही अंगांना अपार्टमेंट उभी राहिली, सगळीकडे स्लॅब आला आणि शाकारणी हा शब्दही मुलांच्या कानावरून गेलेला नसतो. मला मात्र तो अजून दर महिन्याला आठवतो. पण घराच्या नव्हे, वेबसाइटच्या निमित्ताने. आणि तो आठवायला लागण्यामागे एक चूक आहे. ती माझी आहे. आज ती सांगायची आहे, कारण तीच चूक आपल्या आसपासच्या कितीतरी शाळा, पतसंस्था, वाचनालये आणि मंडळे रोज करत असतील, आणि त्यांना ते ठाऊकही नसेल.

पत्रिका छापली की काम संपले

माझा धंदा लहान आहे. १९९६ साली विश्रामबागेत एक गाळा भाड्याने घेतला आणि डीटीपीचे काम सुरू केले. लग्नपत्रिका, अहवाल, प्रश्नपत्रिका, कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट रिपोर्ट. एका अंगाला विलिंग्डन, दुसऱ्या अंगाला वालचंद, त्यामुळे काम कमी पडले नाही. पुढे मोबाइलवर पत्रिका फिरू लागल्या, छपाई घटली आणि लोक विचारू लागले, "वेबसाइट करून देता का?" मीही शिकलो.

शिकलो म्हणजे काय, तर वर्डप्रेस वापरायला शिकलो. २००३ साली मॅट मुलेनवेग नावाचा अमेरिकन तरुण आणि माइक लिटल हा इंग्लंडमधला प्रोग्रॅमर अशा दोघांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कोणालाही वापरता, बदलता येते. आज जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी दोन त्यावर चालतात. त्याची खरी ताकद त्याच्या जोडपुर्ज्यांत आहे. त्यांना प्लगइन म्हणतात. वेबसाइटवर फॉर्म हवा, एक प्लगइन बसवा. फोटो सरकते हवेत, दुसरे बसवा. पैसे स्वीकारायचे आहेत, तिसरे. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात असे साठ हजारांच्या आसपास प्लगइन फुकट मिळतात. कोणी पोलंडमध्ये बसून लिहिलेले असते, कोणी ब्राझीलमध्ये, तर कोणी पुण्यात. कोणी नोकरी म्हणून, कोणी हौस म्हणून. माझ्यासारखा माणूस ते एकत्र जोडतो, वर गिऱ्हाइकाचे नाव आणि गणपतीचा फोटो टाकतो आणि म्हणतो, "ही तुमची वेबसाइट."

मनाने मात्र मी डीटीपीवालाच राहिलो होतो. पत्रिका छापून गठ्ठा हातात दिला की काम संपते. वेबसाइटही मला तशीच वाटत असे. एकदा करून दिली, पैसे घेतले, पुढचे गिऱ्हाईक.

चालते आहे तोवर हात लावायचा नाही

२०१६ साली माझ्या शाळेतल्या बाई दुकानात आल्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती आणि त्या एक वधू-वर सूचक मंडळ चालवत होत्या. पैशासाठी नव्हे. हुंडा न घेणारी स्थळे जुळवायची, विधवा आणि घटस्फोटित मुलींची नावे वेगळ्या वहीत न लिहिता सगळ्यांबरोबर लिहायची, असा त्यांचा आग्रह. मला म्हणाल्या, "तू काहीतरी इंटरनेटचं करतोस म्हणे. आमच्या वह्या भरल्यात. बघ बाबा काही होतं का." मी पंधरा दिवसांत वेबसाइट करून दिली. नाव, शिक्षण, नोकरी, उंची, फोटो, पालकांचा फोन, असा सगळा तपशील भरायचा फॉर्म होता. माहिती पासवर्डशिवाय कोणाला दिसायची नाही. बाई खूश झाल्या. पैसे घेणार नाही म्हटले, तर त्यांनी दरडावून घ्यायला लावले.

वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवर डाव्या बाजूला 'प्लगइन्स' असे लिहिलेले असते आणि शेजारी लाल वर्तुळात एक आकडा येतो. इतक्या प्लगइनच्या नव्या आवृत्त्या आल्या आहेत, त्या घ्या, असा त्याचा अर्थ. सुरुवातीला मी आकडा दिसला की बटण दाबत असे. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये मंडळाचा मेळावा होता. आदल्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे सगळी अपडेट्स एकदम केली आणि नोंदणीचा फॉर्म पडद्यावरून नाहीसा झाला. दोन प्लगइन्सचे एकमेकांशी जमेना. रात्री दोनपर्यंत झगडून कसाबसा फॉर्म परत आणला. त्या रात्री मी कानाला खडा लावला. चालते आहे तोवर हात लावायचा नाही. लाल आकडा तीनचा पाच झाला, पाचाचा अकरा झाला. २०२० साली वर्डप्रेसने प्लगइन आपोआप अपडेट करायची सोय दिली, तीही मी बंदच ठेवली. नजर सरावते. पुढे तो आकडा मला दिसेनासा झाला.

मग टाळेबंदी आली. मेळावे बंद पडले आणि सगळी नोंदणी वेबसाइटवर होऊ लागली. चारशेच्या वर कुटुंबांची माहिती साठली.

२०२१ च्या जून महिन्यात बाईंचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. तासगावच्या एका गृहस्थांना कोणीतरी फोन केला होता. "मंडळातून बोलतोय, तुमच्या मुलीला पुण्याचं स्थळ आलंय, पुढची माहिती हवी असेल तर साडेपाच हजार भरा." मुलीचे नाव, शिक्षण, उंची, अगदी भावाची नोकरीसुद्धा बरोबर सांगितली. गृहस्थांनी पैसे भरले. दोन दिवसांत असे आणखी तीन फोन आले. आणि मिरजेत नोकरी करणाऱ्या एका मुलीला तिच्याच फोटोसकट घाणेरडे संदेश येऊ लागले. तिच्या आईने बाईंना एवढेच विचारले, "बाई, तुमच्याकडे दिलेला फोटो बाहेर गेलाच कसा?"

सर्व्हरवर प्रत्येक भेटीची नोंद राहते. मी रात्रभर ती वाचत बसलो. फॉर्मच्या प्लगइनमध्ये एक फट होती. विशिष्ट पद्धतीने पत्ता टाकला, तर भरलेल्या सगळ्या फॉर्मांची यादी पासवर्ड न विचारताच समोर येत असे. कोणीतरी तशी ती मागितली होती आणि आमच्या वेबसाइटने ती मुकाट्याने देऊन टाकली होती. पुढचे वाचले तेव्हा पोटात गोळा आला. ही फट बुजवणारी नवी आवृत्ती त्या प्लगइनच्या कर्त्याने सात महिन्यांपूर्वीच काढली होती. 'सुरक्षेसंबंधी दुरुस्ती' अशी एक ओळ तिच्याबरोबर होती. ती माझ्या त्या लाल आकड्यातच पडून होती. बटण दाबायचे तेवढे राहिले होते.

बाईंच्या घरी जाऊन सगळे खरे सांगितले. त्या रागावतील असे वाटले होते. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "हे दर महिन्याला बघावं लागतं, हे तू मला कधी सांगितलंच नाहीस. सांगितलं असतंस तर मी कुणाला तरी बसवलं असतं."

मला आजही हेच वाक्य बोचते. बटण दाबले नाही ही चूक खरीच, पण मोठी चूक ही, की अशी काही देखभाल लागते हेच मी कोणाला कळू दिले नाही. छप्पर शाकारायचे राहिले हे एक, पण घराला शाकारावे लागते हेच मालकाला न सांगणे हे दुसरे.

पोलिसांकडे तक्रार दिली, वेबसाइट बंद केली. मी म्हणालो, सगळ्यांना एकदम मेसेज पाठवतो. बाई म्हणाल्या, "मेसेज नको. फोन करायचा. एकेका घरी." चार दिवस आम्ही दोघे फोन करत होतो. "तुमची माहिती आमच्या चुकीने बाहेर गेली आहे. कोणी मंडळाच्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका." काही जण समजून बोलले, काहींनी अद्वातद्वा ऐकवले. मिरजेच्या त्या मुलीने नंबर बदलला आणि मंडळातून नाव काढून घेतले. तासगावच्या गृहस्थांचे साडेपाच हजार मी देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. घेतले असते तर बरे वाटले असते.

सांगलीत कोण येतंय?

"एवढ्याशा वेबसाइटवर कोण कशाला डोळा ठेवेल?" हे मी स्वतः म्हणत असे आणि आज माझी गिऱ्हाइके म्हणतात. आपल्याला वाटते, चोर पत्ता शोधत येतो. प्रत्यक्षात माणूस येतच नाही. यंत्र येते. अमुक प्लगइनची अमुक आवृत्ती कुठे आहे, एवढेच विचारत ते इंटरनेटवरच्या लाखो दारांवर टकटक करत फिरते. दार सांगलीचे आहे की सिंगापूरचे, हे त्याला कळत नाही आणि त्याला त्याची गरजही नाही.

शिवाय गंमत अशी, की दुरुस्ती जाहीर झाली म्हणजे फटही जाहीर झाली. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून पाहिली की भोक नेमके कुठे होते, ते जाणत्याला लगेच कळते. म्हणून दुरुस्ती आल्यानंतरचे दिवस सगळ्यांत धोक्याचे. ज्यांनी ती घेतली ते सुटले, आणि ज्यांनी घेतली नाही त्यांचे दार उघडे असल्याची जणू दवंडी पिटली गेली.

या गोष्टी नंतर वाचत गेलो तेव्हा ध्यानात आले, की माझ्यापेक्षा मोठमोठे यात अडकले आहेत. २०१४ साली फोटो सरकवणाऱ्या 'रिव्होल्यूशन स्लायडर' या प्लगइनमधल्या फटीतून एक लाखाहून अधिक वेबसाइटींत घातक प्रोग्रॅम शिरला. डिसेंबरात गूगलने अकरा हजारांवर वेबसाइट धोकादायक म्हणून काळ्या यादीत टाकल्या. फट त्याच वर्षी आधी बुजवली गेली होती. पण हे प्लगइन अनेक तयार डिझाइनच्या पोटात घालून विकले जात असे. ते आपल्याकडे आहे, हेच पुष्कळ मालकांना माहीत नव्हते. माहीत नसलेल्या कौलाची शाकारणी कोण करणार?

सप्टेंबर २०२० मध्ये 'फाइल मॅनेजर' या प्लगइनचे असेच झाले. सात लाखांवर वेबसाइटींवर ते बसवलेले होते. त्यात दुसऱ्याच कोणी लिहिलेला एक तयार भाग वापरला होता, आणि त्या भागातली नमुन्यादाखल ठेवलेली एक फाइल चालू अवस्थेत राहून गेली होती. तिच्यातून परका माणूस पासवर्ड नसताना आपला प्रोग्रॅम आत टाकू शकत होता. दुरुस्ती लगेच निघाली, पण हल्ले त्याआधीच सुरू झाले होते. म्हणजे आपण ज्याच्यावर विसंबतो, तो तिसऱ्यावर विसंबलेला असतो.

नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. 'रियली सिंपल सिक्युरिटी' हे सुरक्षेसाठीच असलेले, चाळीस लाखांवर वेबसाइटींनी घेतलेले प्लगइन. त्याच्या दुहेरी पडताळणीच्या सोयीतच अशी चूक निघाली, की परक्याला थेट व्यवस्थापक म्हणून आत शिरता यावे. तेव्हा वर्डप्रेसच्या मंडळींनी मालकांच्या बटणाची वाट न पाहता दुरुस्ती बहुतेक ठिकाणी परस्पर पोचवली. कुलपातच भोक निघू शकते, एवढे यावरून समजावे.

अपडेटच घात करते तेव्हा

मग काय, अपडेट आले की डोळे मिटून बटण दाबावे? इतके सोपे नाही. माझी २०१९ ची भीती अगदीच खुळी नव्हती.

'डिस्प्ले विजेट्स' नावाचे एक चांगले चाललेले प्लगइन होते. सुमारे दोन लाख वेबसाइटींवर होते. २०१७ साली मूळ कर्त्यांनी ते विकले. नव्या मालकाने अपडेटमधूनच त्यात चोरवाट घातली, जिच्यातून त्या वेबसाइटींवर जाहिरातींचा कचरा टाकता येई. भांडारातून ते काढले, पुन्हा आले, पुन्हा काढले, आणि सप्टेंबरात कायमचे बंद केले. नाव तेच, हात मात्र बदललेला होता.

त्याच वर्षी, २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या हल्ल्याने जगभरच्या कंपन्यांचे संगणक गोठवले. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या 'एमईडॉक' या करभरणीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली. हल्लेखोरांनी ते अपडेटच विटाळले होते. मेअर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या गटाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. कुठे कीव्ह आणि कुठे उरण! पण याच हल्ल्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. आत शिरल्यावर तो संगणकातून संगणकात पसरला, त्यासाठी त्याने विंडोजमधली जी फट वापरली, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. म्हणजे एकाच दुर्घटनेत अपडेट घेणाऱ्याचाही घात झाला आणि न घेणाऱ्याचाही.

यातून मी एकच धडा घेतला. प्रश्न बटण दाबण्याचा किंवा न दाबण्याचा नाहीच. प्रश्न पाहण्याचा आहे. गड्याला छपरावर चढवून वडील घरात झोपत नसत. ते खाली उभे राहून बघत.

महिन्याचा पहिला शनिवार

आता माझ्याकडे तेवीस वेबसाइटी आहेत आणि प्रत्येकीची एक वही आहे. पहिल्या शनिवारी दुकान बाहेरच्या कामाला बंद असते.

आधी वेबसाइटची पूर्ण प्रत काढतो आणि ती त्या सर्व्हरवर न ठेवता दुसरीकडे ठेवतो. घर जळाले तर त्याच घरातली तिजोरी काय कामाची? मग सगळ्या प्लगइन्सची यादी उतरवतो. मंडळाच्या वेबसाइटची अशी यादी पहिल्यांदा केली तेव्हा एकतीस प्लगइन्स निघाले. त्यातले एक डिसेंबर महिन्यात पडद्यावर बर्फ पाडायचे होते. सांगलीत बर्फ! कधीतरी गंमत म्हणून मीच ते बसवले होते. फोटो सरकवणारे दोन होते. नऊ बंद करून ठेवले होते. 'बंद आहे म्हणजे निर्धोक' हा गैरसमज आहे. बंद केलेल्या प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर तशाच पडून असतात आणि त्यात फट असेल तर तिच्यापर्यंत पोचता येऊ शकते. नको असेल ते पुसूनच टाकायचे. एकतिसाचे बारा झाले आणि कोणालाही काही कमी झाल्यासारखे वाटले नाही.

राहिलेल्या प्रत्येकाला मी तेच प्रश्न विचारतो. शेवटचे अपडेट कधी आले? वर्डप्रेसच्या चालू आवृत्तीवर ते तपासलेले आहे का? मालक बदलला का? भांडारात अजून आहे का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. सगळे लाल आकड्याला घाबरतात, पण खरी भीती आकडा न येणाऱ्याची. कर्त्याने काम सोडले किंवा भांडाराने ते बंद केले, तर नवी आवृत्ती येतच नाही आणि वर्तुळही उमटत नाही. डॅशबोर्ड शांत दिसतो आणि आपण समाधानाने झोपतो. विकत घेतलेल्या प्लगइनची वर्गणी संपली तरी बहुधा हीच गत होते. फुकट मिळालेली चोरटी प्रत असेल तर बोलायलाच नको. तिच्यात चोरवाट आधीच घातलेली असण्याची शक्यता मोठी.

यानंतर जाहीर फटींची यादी पाहायची. १९९९ पासून अशा प्रत्येक फटीला सीव्हीई नावाचा क्रमांक देण्याची पद्धत आहे. वर्डप्रेसपुरत्या याद्या वर्डफेन्स, पॅचस्टॅक, डब्ल्यूपीस्कॅन या संस्था ठेवतात. आपल्याकडे २००४ पासून काम करणारी सर्ट-इन ही सरकारी यंत्रणाही इशारे काढते. फटीच्या गांभीर्याला शून्य ते दहा असे गुण असतात. सांगलीकराला हे समजावायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात आपण सगळे एकमेकांना विचारतोच, "आयर्विनला पाणी किती?" १९२९ च्या त्या पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेले, ते विसरणे शक्य नाही. तसेच हे. चारला नोंद ठेवा, सातला कामाला लागा, नऊच्या पुढे हातातले जेवण ठेवून उठा. अर्थात आकडा सगळे सांगत नाही. फट आपल्या फॉर्ममध्ये असेल, जिथे लोकांच्या लेकीबाळींचे फोन आहेत, तर पाचही पुष्कळ झाले.

अपडेट एकदम कधीच करत नाही. वेबसाइटची एक जुळी प्रत बाजूला केलेली असते, तिच्यावर आधी एकेक करून बघतो. फॉर्म भरून पाहतो, पावती येते का बघतो, मोबाइलवर उघडून पाहतो. सगळे ठीक असेल तर मग खऱ्या वेबसाइटवर. नुसती नवी सोय असेल तर आठवडाभर थांबतो, इतरांचे अनुभव बघतो. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर त्याच दिवशी, मग शनिवार असो वा दिवाळी. दुरुस्ती निघालीच नसेल तर ते प्लगइन काढून टाकतो. फॉर्म चार दिवस नसला तर कोणाचे लग्न अडत नाही. शेवटी व्यवस्थापकांची यादी पाहतो. आपण न केलेले एखादे नाव तिथे दिसले, तर पाहुणा आधीच आत येऊन बसला आहे असे समजावे. मग वहीत तारीख, काय केले, आणि सही.

एका वेबसाइटला साधारण चाळीस मिनिटे लागतात. साडेपाच हजार, चार दिवसांचे फोन आणि एका मुलीचा बदललेला नंबर यांच्यापुढे चाळीस मिनिटे म्हणजे काहीच नाही.

मालकाने विचारायचे प्रश्न

आता पैशाचे. वार्षिक देखभालीचे पैसे मागितले की गिऱ्हाईक म्हणते, "वेबसाइट करायचे दिले की! आता कसले?" पाण्याच्या टाकीची सफाई, लिफ्टची तपासणी, दुचाकीचे सर्व्हिसिंग, याला आपण पैसे देतो, कारण ते डोळ्यांना दिसते. ही देखभाल यशस्वी झाली तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याचे पैसे द्यायला माणसाला जड जाते. त्यात चूक गिऱ्हाइकाची नाही. आम्हीच त्याला वेबसाइट पत्रिकेसारखी विकली.

शिवाय आता कायदाही आला आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. लोकांची माहिती सांभाळताना वाजवी खबरदारी घेतली नाही, तर दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. लहान मंडळाला एवढा दंड होईल असे कोणी म्हणत नाही. पण 'आम्हाला माहीत नव्हते' हे उत्तर यापुढे पुरणार नाही.

म्हणून, आपण एखाद्या शाळेच्या समितीवर असाल, पतसंस्थेचे संचालक असाल, वाचनालयाचे चिटणीस असाल, तर उद्या आपल्या वेबसाइटवाल्याला तीन प्रश्न विचारा. आपल्या वेबसाइटवर किती प्लगइन्स आहेत आणि त्यातले किती खरोखर लागतात? ते शेवटचे कधी आणि कोणी तपासले? आणि वेबसाइटची अलीकडची प्रत कुठे ठेवली आहे? उत्तरे न अडखळता आली तर त्याला चहा पाजा. अडखळला तर रागावू नका, मीही अडखळलो असतो. पण त्याच बैठकीत एका माणसाचे नाव आणि महिन्यातला एक दिवस ठरवा, आणि त्या माणसाला त्याचे पैसे द्या. आणि फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा. पैशाच्या बाबतीत पहिले काही तास मोलाचे असतात.

बाईंनी सहा महिन्यांनी वेबसाइट पुन्हा सुरू करायला सांगितली. मी म्हणालो, "बाई, दुसऱ्या कुणाला तरी द्या." त्या म्हणाल्या, "ज्याचं एकदा गळलंय, तोच आता नीट बघेल." नव्या वेबसाइटवर फोटो आणि फोन साठवतच नाही. ते बाईंच्या वहीत असतात, आणि दोन्ही घरांनी होकार दिला की त्या स्वतः कळवतात. ज्या माहितीची गरज नाही ती ठेवायचीच नाही, हा त्यांचाच निर्णय. जी चीज घरात नाही, ती चोरीला जात नाही.

बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. प्लगइन म्हणजे काय, हे त्यांनी मला दोनदा समजावून घेतले आणि सोडून दिले. पण पहिल्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांचा फोन येतोच. "बघितलंस का रे?" मी हो म्हणतो. "वहीत लिहिलंस?" त्यालाही हो म्हणतो. मग त्या फोन ठेवतात.